गुन्हेगारीशास्त्राची पदवी आता घ्यावी का? बडोद्यातील एका विद्यार्थिनीचे प्रकरण

परिस्थिती

या प्रकरणातील विद्यार्थिनी मे २०२५ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कला विद्याशाखेत बी.ए.चे पहिले वर्ष संपवत होती. तिचा मुख्य विषय समाजशास्त्र होता. घर वाडी भागात, भाड्याच्या दोन खोल्यांचे. घरात मराठी बोलली जाते, शिक्षण मात्र पहिलीपासून गुजराती माध्यमात झालेले. वडील मकरपुरा औद्योगिक वसाहतीतील एका लहान कारखान्यात मशीन चालवतात आणि आई पोळीभाजीचे डबे करते. दोघांचे मिळून महिन्याला सुमारे २४,००० रुपये येतात, म्हणजे वर्षाचे उत्पन्न तीन लाखांच्या आत आहे. धाकटा भाऊ तेव्हा नववीत होता. बारावीच्या गुणपत्रिकेवर तिचा पर्सेंटाइल रँक ८६ होता आणि त्या आधारावर तिला केंद्र सरकारची महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठीची शिष्यवृत्ती, वर्षाला १२,००० रुपये, मिळू लागली होती. कुटुंब खुल्या प्रवर्गातील आहे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत भरलेल्या एका शैक्षणिक मेळाव्यात शहराबाहेरील एका खासगी विद्यापीठाच्या प्रतिनिधीने तिला गुन्हेगारीशास्त्र आणि फौजदारी न्याय या विषयातील पदवी अभ्यासक्रमाची माहिती दिली. पोलीस, सीबीआय, फॉरेन्सिक प्रयोगशाळा, न्यायालय, तुरुंग, सायबर गुन्हे या साऱ्या क्षेत्रांची दारे या एका पदवीने उघडतात, असे त्याने सांगितले. वर्षाची फी १,१५,००० रुपये आणि बसचे २५,००० रुपये वेगळे. प्रवेश पहिल्या वर्षापासून घ्यावा लागणार होता, म्हणजे झालेले एक वर्ष वाया जाणार होते. एका वित्त कंपनीने साडेतेरा टक्के दराने साडेतीन लाखांचे कर्ज देण्याची तयारी दाखवली आणि उरलेल्या रकमेसाठी आईने आपल्या पाटल्या गहाण ठेवण्याचे ठरवले. प्रवेशाची जागा राखून ठेवण्यासाठी पंधरा दिवसांत २०,००० रुपये भरायचे होते. त्या पंधरा दिवसांत मुलगी आणि तिचे आईवडील माझ्याकडे आले.

मी बडोद्याच्या न्यायालयात फौजदारी वकिली करतो आणि रविवारी आमच्या भागातील मराठी मंडळाच्या वाचनालयात विद्यार्थ्यांना फॉर्म भरण्यापासून कोर्स निवडण्यापर्यंत लागेल ती मदत करतो. हे प्रकरण कुटुंबाच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील गाळून, लिहीत आहे. असाच प्रश्न घेऊन येणाऱ्या घरांची संख्या वाढते आहे आणि त्यातील बहुतेक घरे निर्णय घेऊन झाल्यावर येतात.

तिला नेमके काय हवे होते

"मला क्राइम लाइनमध्ये जायचं आहे," एवढेच ती सुरुवातीला सांगत होती. हे वाक्य मी अनेक मुलांकडून ऐकतो. त्यामागे बहुधा टीव्हीवरील मालिका असते, कधी नात्यातला एखादा फौजदार असतो. इथे कारण निराळे निघाले. बारावीच्या वर्षी शेजारच्या एका बाईला नवऱ्याने मारहाण केली. त्या बाईला लिहिता येत नव्हते, म्हणून ही मुलगी तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात गेली आणि गुजरातीत अर्ज लिहून दिला. त्याआधी १८१ अभयम या गुजरातमधील महिलांसाठीच्या हेल्पलाइनची गाडी आली होती. त्या गाडीत समुपदेशक आणि महिला कॉन्स्टेबल अशा दोघी असतात. दोघींनी ज्या रीतीने त्या बाईला बोलते केले आणि नवऱ्याला गप्प केले, ते या मुलीच्या मनात राहिले. पुढे कोर्टाच्या तारखांना त्या बाईबरोबर कोणी जाईना, तेव्हाही ती दोनदा दिवाळीपुऱ्याच्या न्यायालय संकुलात जाऊन आली.

हे ऐकल्यावर प्रश्नाचे स्वरूप बदलले. तिला कामाची दिशा ठाऊक होती, पण त्या दिशेला एकच वाट जाते असा तिचा समज करून दिला गेला होता. वास्तविक तिने त्या एका प्रसंगात चार निरनिराळ्या व्यवसायांची माणसे पाहिली होती: गणवेशातली, वकिलीतली, समुपदेशनातली आणि न्यायालयाच्या आसनावरची. या चौघांच्या भरतीचे नियम वेगळे आहेत, लागणारी पदवी वेगळी आहे आणि पहिला पगार हातात पडेपर्यंत लागणारी वर्षेही वेगळी आहेत.

जाहिरातीपासून मागे

अशा वेळी मी माहितीपुस्तिका बाजूला ठेवायला सांगतो आणि भरतीच्या जाहिराती समोर ठेवतो. विद्यापीठाची पुस्तिका पदवीपासून सुरू होऊन नोकरीच्या आश्वासनापाशी संपते. जाहिरातीत मात्र 'शैक्षणिक पात्रता' असा एक रकाना असतो आणि त्यात जे लिहिलेले असते त्याच्या बाहेर कोणाची शिफारस चालत नाही. म्हणून नोकरीपासून मागे येत पदवीपर्यंत पोहोचावे. या पद्धतीने आम्ही तिचे चारही पर्याय तपासले, शिवाय प्रतिनिधीने ज्याचा सर्वांत मोठा गाजावाजा केला होता तो फॉरेन्सिकचा पाचवा पर्यायही तपासला.

फॉरेन्सिकचा निकाल लगेच लागला. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम १७६ मधील तिसऱ्या पोटकलमानुसार सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करणे अपेक्षित आहे आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत दिली आहे. केंद्राने जून २०२४ मध्ये न्यायवैद्यक सुविधांच्या वाढीसाठी २,२५४.४३ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तेव्हा या क्षेत्रात माणसे लागणार, हे प्रतिनिधीचे म्हणणे खरेच होते. पण प्रयोगशाळेतील पदांसाठी विज्ञानाची पदवी, बहुधा पदव्युत्तर पदवी, लागते आणि या मुलीने बारावी कला शाखेतून केली आहे. गुन्हेगारीशास्त्रातील बी.ए. तिला रसायन किंवा जीवशास्त्राच्या टेबलापर्यंत नेऊ शकत नाही. ही गोष्ट मेळाव्यात तिला कोणी सांगितली नव्हती, आणि मला तेथील सर्वांत मोठा अन्याय तोच वाटतो.

पोलीस भरतीचा विचार अधिक वेळ घेऊन केला, कारण घरच्यांचे मन तिथे होते. गुजरात पोलीस भरती मंडळाने २०२४ मध्ये १२,४७२ जागांसाठी अर्ज मागवले. त्यांपैकी ४७२ जागा पीएसआय संवर्गाच्या होत्या आणि उरलेल्या १२,००० लोकरक्षक, म्हणजे पोलीस शिपाई, संवर्गाच्या, ज्यात तुरुंग शिपाईही येतात. लोकरक्षकासाठी बारावी उत्तीर्ण आणि किमान १८ वर्षे वय, पीएसआयसाठी कोणत्याही शाखेची पदवी आणि किमान २१ वर्षे वय, अशी अट होती. 'कोणत्याही शाखेची' हे शब्द मी वडिलांना दोनदा वाचून दाखवले. समाजशास्त्राची पदवी तिथे गुन्हेगारीशास्त्राच्या पदवीइतकीच चालते. महिलांना १,६०० मीटर अंतर साडेनऊ मिनिटांत धावावे लागते आणि त्यासाठी पदवी कोणती, याने काही फरक पडत नाही. पीएसआयच्या लेखी परीक्षेत दुसरी प्रश्नपत्रिका १०० गुणांची, वर्णनात्मक, भाषेची असते आणि त्यात गुजरातीला ७० व इंग्रजीला ३० गुण आहेत. बडोद्यातील आपली बरीच मराठी मुले इंग्रजी माध्यमातून शिकतात, बोलण्यापुरती गुजराती त्यांना येते आणि निबंध लिहायला बसली की अडतात. ही मुलगी मात्र अर्ज, अहवाल, सारांश गुजरातीत सहज लिहू शकते. तिची खरी ताकद इथे होती आणि ती तिच्या स्वतःच्याही लक्षात आली नव्हती. खासगी विद्यापीठाचा अभ्यासक्रम संपूर्ण इंग्रजीत होता.

याला एक अपवाद आहे आणि तो प्रामाणिकपणे नोंदवायला हवा. गांधीनगर जिल्ह्यात लवाड येथील राष्ट्रीय रक्षा विद्यापीठ २०२० च्या संसदेच्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाची संस्था झाले. त्याआधी ते गुजरात सरकारचे रक्षा शक्ती विद्यापीठ होते. तेथील अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या उमेदवारांना गुजरात पोलीस भरतीत वाढीव गुणांची तरतूद आहे. म्हणजे एका विशिष्ट संस्थेतील शिक्षणाचा भरतीत थेट उपयोग होतो, पण तो उपयोग अशा ठरावीक संस्थांच्या विद्यार्थ्यांपुरताच आहे. त्याच विषयाची पदवी दुसऱ्या कोणत्या खासगी विद्यापीठातून घेतली म्हणून ते गुण मिळत नाहीत. मेळाव्यातील प्रतिनिधीच्या बोलण्यात हा फरक पुसला गेला होता. लवाडचा विचार आम्ही केला. वसतिगृहाचा खर्च, आणि सकाळच्या डब्यांच्या कामात आईला असलेला तिचा हात, या दोन कारणांनी पदवीपुरता तो बाजूला पडला.

न्यायालयाकडे जाणारी वाट माझ्या माहितीची, म्हणून तिच्याविषयी मी जपून बोललो. सरकारी वकील असो, न्यायाधीश असो वा वकील, तिथे कायद्याची पदवी अनिवार्य आहे आणि तिच्या जागी गुन्हेगारीशास्त्राची कोणतीही पदवी चालत नाही. पदवीधराला तीन वर्षांच्या एलएलबीला प्रवेश मिळतो. त्यासाठी बार कौन्सिलच्या नियमानुसार खुल्या प्रवर्गाला पदवीत किमान ४५ टक्के गुण लागतात. सयाजीराव विद्यापीठात कायद्याची विद्याशाखा आहेच. नेमक्या त्याच महिन्यात, २० मे २०२५ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीशाच्या कनिष्ठ स्तरावरील पदासाठी किमान तीन वर्षे वकिलीची अट पुन्हा लागू केली. म्हणजे बी.ए.नंतर तीन वर्षे एलएलबी, त्यापुढे तीन वर्षे वकिली आणि मग परीक्षा. जिल्हा पातळीवरील सरकारी वकिलासाठी तर कायद्यानेच सात वर्षांची वकिली सांगितली आहे. पहिली वर्षे कनिष्ठ वकिलाच्या हाती फारसे काही येत नाही. बार कौन्सिलने ऑक्टोबर २०२४ मध्ये शहरी भागात कनिष्ठांना महिना २०,००० रुपये विद्यावेतन द्यावे असे सुचवले आहे, परंतु ती शिफारस आहे, बंधन नव्हे. जिल्हा न्यायालयांत ती पाळली जाते असे मी म्हणू शकत नाही. एक गोष्ट मात्र गरीब घरासाठी खरोखर दिलासा देणारी घडली आहे. ३० जुलै २०२४ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने वकील म्हणून नोंदणीची फी खुल्या प्रवर्गासाठी ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये या कायदेशीर मर्यादेतच ठेवण्याचा आदेश दिला. त्यापूर्वी नोंदणीच्या वेळी हजारो रुपये मोजावे लागत आणि काही मुले पदवी हातात असून महिनोन्महिने थांबत.

समुपदेशन आणि पुनर्वसनाची चौथी वाट मुलीला सर्वांत जवळची होती, कारण तिने प्रथम पाहिलेली व्यक्ती समुपदेशकच होती. अभयम हेल्पलाइन, पोलीस ठाण्यांतील महिला आधार केंद्रे, सखी वन स्टॉप सेंटर, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, निरीक्षणगृहे या ठिकाणी समाजकार्य, मानसशास्त्र, समाजशास्त्र किंवा कायदा शिकलेली माणसे घेतली जातात. बाल न्याय मंडळावर दंडाधिकाऱ्याबरोबर दोन सामाजिक कार्यकर्ते असतात आणि त्यांपैकी एक स्त्री असणे २०१५ च्या कायद्याने बंधनकारक आहे. इथे समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी, एमएसडब्ल्यू, सर्वाधिक उपयोगी पडते आणि सयाजीराव विद्यापीठाची समाजकार्य विद्याशाखा देशातील जुन्या शाखांपैकी आहे. समाजशास्त्राच्या पदवीवरून तिथे सरळ जाता येते. अडचण एवढीच की यातील बहुतेक नोकऱ्या कंत्राटी आहेत आणि पगार मर्यादित आहे. मुलीला हे सांगताना मला वाईट वाटले, पण सांगणे भाग होते. आजारी माणसाला औषधाची किंमत अगोदर सांगावी लागते, तसेच हे आहे.

आम्ही पाहिलेल्या जाहिरातींत ज्या पदासाठी गुन्हेगारीशास्त्राची बी.ए. हीच एकमेव पात्रता आहे असे एकही पद सापडले नाही. काही ठिकाणी तिचा उल्लेख होता, पण 'समाजकार्य, मानसशास्त्र किंवा' अशा यादीत, इतरांच्या बरोबरीने.

पैशाचा हिशेब

हिशेब वहीवर मांडला आणि तो मुलीलाच मांडायला लावला. खासगी विद्यापीठाची तीन वर्षांची फी व बस मिळून ४,२०,००० रुपये होत होते. साडेतीन लाखांचे कर्ज साडेतेरा टक्क्यांनी पाच वर्षांत फेडायचे म्हटले तर महिन्याला सुमारे ८,०५० रुपये हप्ता येतो. शिकत असतानाचे व्याज त्यात धरलेले नाही. घरात महिन्याला येणारे २४,००० रुपये समोर ठेवले की हा हप्ता एक तृतीयांश होतो. गुजरातमध्ये नव्याने लागलेल्या लोकरक्षकाला पहिली पाच वर्षे ठरावीक वेतन मिळते, महिना २६,००० रुपये, आणि पीएसआयला ४९,६०० रुपये. म्हणजे पदवी मिळताच लोकरक्षकाची नोकरी लागली असे गृहीत धरले, जे गृहीत धरणेच धाडसाचे आहे, तरी पगाराचा जवळपास तिसरा हिस्सा कर्जात जाणार होता. तोही अशा पदवीसाठी, जी त्या नोकरीला लागतच नाही.

मेळाव्यात तिला असेही सांगितले गेले की राज्याच्या मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजनेतून ५०,००० रुपये मिळतील. या योजनेत बारावीला ८० पर्सेंटाइल आणि सहा लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातील विद्यार्थ्यांना शिक्षण शुल्काच्या निम्म्यापर्यंत मदत मिळते. परंतु ५०,००० ची मर्यादा अभियांत्रिकीसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे. बी.ए., बी.कॉम. अशा सर्वसाधारण पदवीसाठी ती मर्यादा १०,००० रुपये आहे. अभ्यासक्रमाच्या नावात 'फौजदारी न्याय' असले तरी पदवी बी.ए. आहे. चाळीस हजारांचा हा फरक दर वर्षी कोठून भरून काढणार, याचे उत्तर कोणापाशी नव्हते.

दुसऱ्या बाजूला, सयाजीराव विद्यापीठात तिची वर्षाची फी काही हजारांत भागत होती आणि केंद्राच्या शिष्यवृत्तीचे १२,००० रुपये त्या फीला पुरून पुस्तके व बसपासलाही उरत होते. ही शिष्यवृत्ती पुढील वर्षी चालू राहण्यासाठी ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी लागते. आईच्या डब्यांच्या कामामुळे सकाळचे तास बुडत होते, म्हणून हजेरीची अट मी आईला स्वतंत्रपणे समजावली. त्यांनी त्या दिवशीच डब्यांची वेळ अर्धा तास अलीकडे घेण्याचे ठरवले. खुल्या प्रवर्गातील कमी उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याचे बिनअनामत, म्हणजे आरक्षण नसलेल्या, वर्गाचे महामंडळ स्पर्धा परीक्षेच्या प्रशिक्षणाला २०,००० रुपयांपर्यंत मदत देते. ती पुढे पीएसआयच्या तयारीसाठी राखून ठेवायची, असे ठरले.

शिक्षिकेचा आक्षेप

निर्णय एकमताने झाला असे नाही. मुलीच्या बारावीच्या समाजशास्त्राच्या शिक्षिका दुसऱ्या बैठकीला आल्या आणि त्यांनी माझ्या पद्धतीलाच हरकत घेतली. त्यांचे म्हणणे असे होते की गरीब घरातील मुलांना आपण कायम जाहिरातीचा रकाना दाखवतो. श्रीमंत घरातील मूल मात्र आवडीचा विषय निवडते, त्यात पुढे जाते आणि शेवटी तेच त्या विषयातील जाणकार होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या तुरुंगविषयक आकडेवारीनुसार देशातील कैद्यांपैकी ७५.८ टक्के कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा खटला अजून संपलेला नाही असे. या माणसांविषयी अभ्यास करणारे, धोरण सुचवणारे लोक गरीब वस्त्यांतून आलेच नाहीत तर त्या अभ्यासाला काय अर्थ उरेल, असा त्यांचा प्रश्न होता. गुन्हेगारीशास्त्र हा स्वतंत्र विषय म्हणून प्राध्यापकपदाच्या पात्रतेच्या नेट परीक्षेतही आहे. ज्याला अध्यापन व संशोधन करायचे आहे त्याच्यासाठी ती खरी वाट आहे.

त्यांचे म्हणणे मला पटले आणि आजही पटते. पीडितशास्त्र, शिक्षाशास्त्र, गुन्ह्यांच्या सामाजिक कारणांचा अभ्यास हे विषय पोकळ नाहीत. माझ्यासारख्या कोर्टात उभ्या राहणाऱ्या माणसालाही ते अगोदर शिकवले गेले असते तर बरे झाले असते. माझा आक्षेप विषयाला नव्हता, तो पदवीच्या टप्प्याला आणि किमतीला होता. हाच विषय पदव्युत्तर पातळीवर सार्वजनिक संस्थेत, कितीतरी कमी खर्चात आणि अधिक चांगल्या शिक्षकांकडून शिकता येतो. राष्ट्रीय रक्षा विद्यापीठात गुन्हेगारीशास्त्र व वर्तनविज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे. गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठात, जे त्याच २०२० साली संसदेच्या कायद्याने स्थापन झाले, गुन्हेगारीशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण आहे. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचा फौजदारी न्यायातील पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम कोणत्याही शाखेच्या पदवीधराला घरी राहून करता येतो. समाजशास्त्राची पदवी या तिन्हींपैकी कोणत्याही वाटेच्या आड येत नाही. एकवीस वर्षांच्या मुलीला आपल्याला तुरुंगांवर संशोधन करायचे आहे की पोलिसात जायचे आहे, हे अठराव्या वर्षापेक्षा अधिक नीट कळलेले असते. आईच्या पाटल्या गहाण टाकायच्याच असतील तर त्या वेळी आणि त्या कारणासाठी टाकाव्यात, असे मी म्हणालो. शिक्षिकांनी त्यावर एक अट घातली. मुलीचे या विषयाचे वाचन आजपासून सुरू झाले पाहिजे, पदवी होईपर्यंत ते थांबवून ठेवायचे नाही. ती अट योग्य होती आणि योजनेत तिला जागा दिली.

निर्णय आणि त्यानंतर

२०,००० रुपये भरण्याची मुदत उलटू दिली. मुलगी दोन दिवस नाराज होती, हे तिच्या आईने सांगितले. मेळाव्यातील रंगीत पुस्तिकेत छापलेली न्यायालयाची नकली खोली आणि घटनास्थळाची प्रयोगशाळा तिला खरोखर आवडली होती, आणि त्या वयात ते आवडणे स्वाभाविक आहे. तिसऱ्या दिवशी ती स्वतः वही घेऊन आली.

जी योजना ठरली तिचा गाभा असा आहे की बी.ए. पूर्ण होईपर्यंत गणवेश, कायदा आणि समाजकार्य या तिन्ही वाटा खुल्या ठेवायच्या आणि कोणत्याही एका वाटेसाठी कर्ज काढायचे नाही. समाजशास्त्र मुख्य विषय राहील आणि जिथे निवडीला वाव असेल तिथे मानसशास्त्राचे पेपर घ्यायचे. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीचे सभासदत्व तिने घेतले. १९१० साली महाराजा सयाजीरावांच्या काळात सुरू झालेल्या या ग्रंथालयात गुजराती, मराठी आणि इंग्रजी तिन्ही भाषांतील पुस्तके मिळतात आणि शिक्षिकांनी दिलेल्या वाचनाच्या यादीतील बरीचशी तिथेच निघाली. आठवड्यातून एकदा ती एखाद्या खटल्याची बातमी घेऊन गुजरातीत दोन पानांचा अहवाल लिहिते आणि एकदा इंग्रजीत एक पान. पीएसआयच्या भाषेच्या पेपरची ती तयारी आहे, आणि उद्या समुपदेशकाचा अहवाल लिहायचा झाला तरी हीच सवय लागणार आहे. पहाटे ती पोलो ग्राउंडवर धावते. भरतीची तयारी करणाऱ्या तिथल्या मुलींचा एक गट तिला सोबतीला मिळाला, त्यामुळे वडिलांची काळजीही कमी झाली.

याहून महत्त्वाचे मला वाटते ते जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विधी स्वयंसेवक म्हणून अर्ज करणे. या स्वयंसेवकांना प्रशिक्षण दिले जाते आणि कामाच्या दिवसांचे मानधनही मिळते. कायद्याची पदवी त्यासाठी लागत नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. शेजारच्या त्या बाईला ही गोष्ट दोन वर्षे कोणी सांगितली नव्हती आणि तिने खासगी वकिलाला उसने पैसे काढून फी दिली होती. मुलीने हे वाचल्यावर स्वतः त्या बाईला प्राधिकरणाच्या कार्यालयात नेले आणि आता तिचे प्रकरण नियुक्त वकिलाकडे आहे. जे काम करायचे म्हणून ही मुलगी चार लाखांची पदवी घ्यायला निघाली होती, त्याचा पहिला भाग तिने पदवीशिवाय करून पाहिला.

दुसऱ्या वर्षात हजेरीची अट सांभाळण्यासाठी तिने डब्यांच्या कामातील सकाळची पाळी पूर्णपणे सोडली आणि त्या बदल्यात संध्याकाळी शेजारच्या तीन मुलांची शिकवणी घेते. आईचे त्यामुळे महिन्याला थोडे नुकसान होते आणि शिकवणीतून ते बहुतांशी भरून निघते. लोकरक्षकाची पुढील जाहिरात निघाली तर अर्ज करायचा, असा तिच्या वडिलांचा आग्रह आहे. मुलीचे म्हणणे आहे की अर्ज करीन, परंतु निवड झाली तरी पदवी सोडणार नाही. लोकरक्षकाच्या प्रशिक्षणाबरोबर नियमित बी.ए. चालणार नाही, तेव्हा ते वर्ष आले तर मुक्त विद्यापीठाकडे वळावे लागेल. या मुद्द्यावर घरात अजून एकमत नाही आणि जाहिरात येईपर्यंत ते होण्याची गरजही नाही.

एलएलबी की एमएसडब्ल्यू, हा निर्णय जानेवारी २०२७ पर्यंत पुढे ढकलला आहे. तोवर तिच्या हाती विधी स्वयंसेवक म्हणून वर्षभराच्या कामाचा अनुभव असेल, पाचव्या सत्राचे गुण समोर असतील आणि भाऊ दहावीच्या परीक्षेतून बाहेर पडून त्याच्या शिक्षणाचा खर्चही स्पष्ट झालेला असेल. कायद्याकडे वळायचे ठरले तर सार्वजनिक विद्यापीठातील एलएलबीच्या फीला बहुधा कर्ज लागणार नाही. लागलेच तर राष्ट्रीयीकृत बँकेकडून चार लाखांपर्यंतचे शैक्षणिक कर्ज तारणाशिवाय मिळू शकते आणि वित्त कंपनीच्या दारात पुन्हा जाण्याचे कारण उरत नाही. समाजकार्य निवडले तर कंत्राटी नोकरीच्या पगारात घर कसे चालेल, याचा हिशेब तिने आत्ताच वहीत मांडून ठेवला आहे आणि तो दर सहा महिन्यांनी नव्या जाहिराती पाहून दुरुस्त करायचा आहे.